गेरूच्या लोकरीवर तारपा

पालघर-बोईसरला थंडी ती केवढी? डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेपुरती. तरी माझ्या हातात सुया आल्या त्या तारापूरमुळे. 1969 साली अणुवीज केंद्र सुरू झालं, वसाहतीत देशभरची बिऱ्हाडं आली आणि शेजारच्या पंजाबी काकूंनी मला दुपारी जिन्यात बसवून सुलट-उलट शिकवलं. पुढची पंधरा-वीस वर्षं पोरांच्या स्वेटरवर बदकं, ससे, आगगाड्या येत राहिल्या. मासिकांतून उतरवलेले ते नमुने घरोघरी एकसारखेच, त्यांच्यावर मी इथं थांबत नाही.

मला बोलायचंय वारली चित्राबद्दल. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मुळात लग्नाचा चौक भिंतीवर लिहायच्या त्या सवाशिणीच. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा, दोनच रंग. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. पाच टाके, तीन, एक, पुन्हा तीन, पाच: झाला माणूस! सुयांसाठीच आखल्यासारखं हे चित्र आमच्या दारात होतं आणि आम्ही बदकं विणत होतो.

खरी परीक्षा तारप्याच्या फेराची, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांच्या रांगेची. टाका उंचीपेक्षा रुंद असतो. माझ्या हाताला इंचात 6 टाके आणि 8 ओळी बसतात. तीन वर्षांच्या मुलाच्या पुढच्या भागाला 72 टाके. त्यात 48 टाक्यांचा फेर घ्यायचा तर उंचीला 64 ओळी हव्यात. चौकोनी आलेख कागदावरून 48 ओळीच घेतल्या, तर 8 इंच रुंदीचा फेर 6 इंचांत बसका होतो. माझा पहिला तसाच झाला. सगळा उसवला, लोकर धुऊन वाळवली आणि आडव्या चौकटींचा कागद स्वतः आखला.

साधा स्वेटर विणा, चित्र मागाहून सुईनं भरा, असं शिकवणाऱ्या आहेत. मला ते कधीच पटलं नाही. भरलेलं चित्र जाड होतं, धुतल्यावर आखडतं. हातापायांच्या एका टाक्याच्या तिरक्या रेषा तेवढ्या भराव्यात. अंग विणायलाच हवं. दुसऱ्या काहीजणी पांढरा धागा मागून ओढत नेतात. दोन माणसांमधलं अंतर मोठं, तिथं तो लोंबतो आणि स्वेटर चढवताना लेकराचं बोट अडकतं. म्हणून प्रत्येक माणसाचा पांढरा धागा मी पुठ्ठ्याच्या वेगळ्या तुकड्यावर गुंडाळते. रंग बदलताना दोन धाग्यांना एकमेकांचा पिळा द्यायचा. पिळा राहिला की तिथं चीर पडते.

2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली. त्याआधी गाडीत बसायला मिळालं की बोईसर ते विरार माझ्या सहा-सात ओळी व्हायच्या. आता कोपर हलवायला जागा नाही, आणि विणणारी दुसरी कुणी दिसतही नाही. बाजारात वारली छापलेले स्वेटर टांगलेले असतात. त्यांत तारपावाल्याभोवती नाचणाऱ्यांचं बंद कडं असतं, ते पाहून जीव तुटतो. ती रांग वळसे घेत जाते, तिचं टोक मोकळं असतं. नातीच्या स्वेटरवर शेवटच्या बाईचा हात मी मोकळा ठेवलाय. झोप आली की नात त्याच हाताच्या टाक्यांवर बोट फिरवत पडते.