गाडीची काच आणि विम्याचा हिशोब

बोरिवलीत झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर नारळ पडतो. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत मुलांचा सीझनचा चेंडू थेट काचेवर बसतो. पूर्व द्रुतगती महामार्गावर डंपरमधून सांडलेली खडी पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडते आणि ‘टक्‌’ असा आवाज होतो. निमित्त काहीही असो, गाडीची पुढची काच जाते. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या गॅरेजांत माझं नेहमीच जाणं-येणं असतं. तिथे हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच, ‘साहेब, क्लेम करू की खिशातून भरू?’ या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याने कसं काढायचं, ते आज पाहू या.

आधी काचेविषयी थोडं. गाडीच्या बाजूच्या काचा साधारणपणे टफन्ड असतात. फुटल्या की त्यांचे बारीक, बोथट तुकडे होतात. पुढची काच मात्र लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा. या काचेची कल्पना एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची. 1903 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत वाळून बसलेल्या रसायनाच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. त्यावरून त्यांनी 1909 मध्ये पेटंट घेतलं. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 100 वा नियम पुढच्या काचेबद्दलच आहे. ती लॅमिनेटेड असावी लागते आणि तिच्यातून किमान 70 टक्के प्रकाश आरपार जावा लागतो. ही काच नुसता वारा अडवत नाही. गाडी उलटली तर छताला ती आधार देते, आणि बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग उघडताना हिचाच टेकू घेते. म्हणून ‘स्वस्तात कुठली तरी बसवून टाक’ हे धोरण इथे चालत नाही.

काचेवर फक्त टिकलीएवढा टवका उडाला असेल, तर काच बदलायची गरज नसते. त्यात रेझिन भरून तो बुजवता येतो. पण हे लवकर करायला हवं. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत एसीचा गारवा आणि खाली खड्डे, असा त्रास सुरू राहिला की टवक्याची रेघ होते आणि रेघ काचभर धावते. तडा चालकाच्या नजरेसमोर असेल किंवा काचेच्या कडेपर्यंत गेला असेल, तर काच बदलणंच योग्य.

आता विम्याकडे वळू. कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. त्यातून दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं, आपल्या काचेसाठी एक रुपयाही मिळत नाही. काचेचा खर्च मिळतो तो ‘ओन डॅमेज’ या भागातून. इथे अनेकांची फसगत होते. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षांपुढची तारीख दिसते, माणूस निर्धास्त राहतो आणि ओन डॅमेज कधीच संपून गेलेला असतो. पॉलिसीवर या दोन तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. आज घरी गेल्यावर त्या जरूर पाहा.

ओन डॅमेज चालू असेल, तर अपघात, पूर, वादळ, आग, दंगल, संप किंवा कुणी खोडसाळपणे केलेली मोडतोड, या सगळ्यांत काच धरली जाते. किती पैसे मिळतात? विम्यात जुन्या सुट्या भागांवर घसारा कापतात. रबर-प्लॅस्टिकवर तो 50 टक्के असतो, पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. काचेवर मात्र घसारा शून्य. म्हणजे काच पाच वर्षांची असली, तरी नव्या काचेची पूर्ण किंमत धरतात. निव्वळ काचेसाठी ‘झिरो डेप’ घ्यायची गरज नाही. तुमच्या खिशातून जातात ते दोन खर्च. एक, काचेभोवतीच्या रबरी बीडिंगचा अर्धा भाग. दुसरा, प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची सक्तीची रक्कम. 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला ती 1000 रुपये, त्यापुढे 2000 रुपये.

मग क्लेम फायद्याचाच की! थांबा, खरा हिशोब पुढेच आहे. क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात सवलत मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती पायरीपायरीने चढते, 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के. एक क्लेम केला की माणूस पुन्हा तळाशी येतो.

समजा, बोनस वजा न करता तुमचा ओन डॅमेजचा हप्ता 8000 रुपये आहे आणि सध्या बोनस 35 टक्के आहे. क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी 45 टक्के बोनस मिळून 4400 रुपये भराल. केला, तर पूर्ण 8000 भराल. पहिल्याच वर्षी 3600 रुपयांचा फरक. त्यापुढची चार वर्षं हाच फरक 2400, 2000, 1200 आणि 400 रुपये. एकूण झाले 9600. त्यात सोसायचे 1000 मिळवा. काच 7000 रुपयांत बसत असेल, तर हा क्लेम तोट्याचा. पण वायपरचा सेन्सर आणि कॅमेरा असलेल्या नव्या गाडीची काच 30,000 रुपयांची असेल, तर क्लेम करणंच शहाणपणाचं. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा थोडा कमीच भरेल.

आणखी एक. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पुढच्या वर्षी नवी गाडी घ्यायचा विचार असेल, तर साठवलेला 50 टक्के बोनस तिच्या मोठ्या हप्त्यावर मिळतो. असा बोनस काचेपायी घालवण्याआधी दोनदा विचार करा. काही पॉलिसींत बोनस सांभाळणारं जादा कलम असतं. काहींत फक्त काचेच्या क्लेममुळे बोनस जात नाही. हे आपल्या कंपनीला फोन करून आधी विचारून घ्यावं.

क्लेम करायचं ठरलं, तर कंपनीला ताबडतोब कळवा. नंबरप्लेट आणि फुटलेली काच एकत्र दिसतील असे फोटो काढा. आणि पाहणी होऊन मंजुरी मिळेपर्यंत काच काढू नका, कारण जुनी काच हाच तुमचा पुरावा. आरसी, लायसन्स आणि पॉलिसीच्या प्रती जवळ ठेवा. खडी उडून काच गेली तर सहसा पोलिसांचा कागद लागत नाही. दगडफेक किंवा मुद्दाम केलेली मोडतोड असेल, तर पोलिसांत तक्रार नोंदवावी. कंपनीच्या यादीतल्या गॅरेजात कॅशलेस सोय असते, इतरत्र आधी पैसे भरून नंतर परत मिळतात.

काच बसवताना आयएसआय खूण पाहा. काच ज्या गोंदाने चिकटवतात, तो सुकायला वेळ लागतो. कारागीर सांगेल तेवढा वेळ गाडी हलवू नका, ‘मीटिंग आहे’ म्हणून घाई करू नका. जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो, तो बँकेकडून नवा घ्यावा लागतो. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांवर नोंदणी क्रमांकाचा स्टिकर काचेवर असतो, तोही नवा लावायला हवा.

क्लेम विनाकारण नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. अंधेरी-बोरिवलीकरांसाठी हे कार्यालय सांताक्रूझला आहे. घाटकोपर आणि मुलुंडचे वॉर्ड मात्र आता ठाण्याच्या कार्यालयाकडे आहेत.

थोडक्यात काय, तर पॉलिसीतल्या तीन गोष्टी एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा. ओन डॅमेज कधी संपतो, सध्याचा बोनस किती आणि आपल्याला सोसायची रक्कम किती. काच फुटली की गॅरेजवाल्याकडून खर्चाचा आकडा घ्या आणि या आकड्यांशेजारी मांडा. क्लेम करायचा की नाही, हे तो कागदच सांगेल.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)