पाड्यावरचा दोनशे वर्षांचा पाहुणा

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावरून बोलतेय. मागच्या वेळी गटाच्या वहीत हप्ते कसे लिहायचे ते सांगितलं होतं. आज पैशाचं काही नाही. आज गोष्टींचं बोलू.

आमच्या गटाची बैठक शनिवारी संध्याकाळी असते. हप्ते गोळा व्हायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात निम्म्या जणी पेंगायला लागतात. आमच्यातल्या काहींचे नवरे तबेल्यात आहेत, रात्री दोन-अडीचला उठून म्हशींच्या धारा काढायच्या असतात, त्यांच्याबरोबर घरही उठतं. तर सगळ्यांना जागं ठेवायला माझ्या भाचीनं एक उपाय काढला. ती कॉलेजात आहे, मोबाइलवर गोष्टी वाचते. म्हणाली, "मावशी, दहा मिनिटांच्या छोट्या गोष्टी आहेत, एकीतून पुढची निघते. मी इंग्रजीतून वाचते आणि मराठीत सांगते." मी विचारलं, कशाच्या गोष्टी? म्हणाली, भुताच्या आणि प्रेमाच्या. मग काय, सगळ्या तयार.

गोष्ट अशी. परदेशातल्या एका शहरात एक तरुण बेकरीत रात्रपाळी करतो. पहाटे पाव भट्टीतून काढायच्या आधी रोज एक गिऱ्हाईक येतं. गोरापान, अबोल, पाव विकत घेतो पण खात नाही. तो व्हॅम्पायर असतो, म्हणजे मेल्यावरही न मेलेला, रक्त पिऊन राहणारा. आणि या दोघांचं एकमेकांवर प्रेम बसतं.

"दोघं म्हणजे? बाई कुठाय?" आमच्या आजींनी विचारलं.

भाची म्हणाली, "आजी, बाई नाही. दोघेही पुरुषच."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आजीच म्हणाल्या, "बरं. पण तो रक्त पितो म्हणालीस, त्याचं आधी सांग." अशी आमची सुरुवात झाली. तुमच्या गटातही कुणी असं काही वाचायला काढलं तर गोंधळ होऊ नये म्हणून मला जे समजलं ते सांगते.

आधी व्हॅम्पायरचं. आपल्याकडे भुतं पुष्कळ, पण हा आपल्याकडचा नाही, युरोपातला आहे. तिकडच्या खेड्यांत लोक थडग्यातून उठणाऱ्या मढ्यांना भीत. 1819 साली जॉन पोलिडोरी नावाच्या इंग्रज डॉक्टरानं त्याला गोष्टीत आणलं आणि साधं मढं होतं त्याचा देखणा सरदार केला. 1897 मध्ये ब्रॅम स्टोकरनं 'ड्रॅक्युला' लिहिलं. आरशात न दिसणं, लसणाला भिणं, बोलावल्याशिवाय घरात न शिरणं, हे सगळं त्या पुस्तकामुळे जगभर पसरलं. उन्हानं मरणं मात्र त्यात नाही, तो ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. ऊन लागून मरायचं 1922 च्या 'नोस्फेराटू' या मूकपटापासून सुरू झालं. लसणाचं ऐकल्यावर एक मावशी म्हणाली, मग आपल्या पाड्यात यायची त्याची काही टाप नाही, सकाळ-संध्याकाळ फोडणी असते.

आणि वटवाघळांना उगाच दगड मारू नका. रक्त पिणारी वटवाघळं खरी आहेत, पण जगात त्यांच्या तीनच जाती आणि त्या सगळ्या अमेरिका खंडातल्या. आपल्या झाडांना लटकतात ती मोठी वटवाघळं फळं खातात.

मराठीत व्हॅम्पायरला जवळचा कोण म्हणाल तर वेताळ. 1870 साली रिचर्ड बर्टन या इंग्रजानं वेताळाच्या पंचविसांपैकी अकरा गोष्टी आपल्या ढंगात लिहिल्या, आणि पुस्तकाच्या नावात वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' म्हटलं. पण आपला वेताळ रक्तासाठी मागे लागत नाही, तो गोष्ट सांगतो. राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर दिलं तर वेताळ परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. हजारएक वर्षांपूर्वी काश्मीरच्या सोमदेवानं या गोष्टी आपल्या मोठ्या ग्रंथात घातल्या, तो ग्रंथ त्यानं राणी सूर्यमतीच्या करमणुकीसाठी रचला होता. म्हणजे बायकांनी बसून भुताच्या गोष्टी ऐकणं काही नवं नाही. कोकणात तर हाच वेताळ गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. देव रात्री त्या घालून गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. आमच्याकडे वाघोबा आहे. बिबट्या रात्री पाड्याजवळून जातो, आम्ही पोरांना आत घेतो आणि वाघोबाला नारळही देतो. रात्रीचं जे जे फिरतं ते सगळं वैरीच असतं असं आम्ही मानत नाही. त्यामुळे बेकरीतल्या त्या पाहुण्याला आमच्या बायकांनी लवकर घरात घेतलं.

आता मुख्य मुद्दा. पुरुषाचं पुरुषावर प्रेम सांगायला भूत कशाला लागतं?

आपल्याच भुतांकडे बघा. मुंजा कोण? मुंज झाली पण लग्नाआधी मेला तो मुलगा, पिंपळावर राहतो. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली बाई. ज्यांचं आयुष्य लग्न, मूल, संसार या वाटेवर पुरं झालं नाही, त्यांना आपण भूत केलं. तिकडेही तेच झालं. 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधी, 1871-72 मध्ये, शेरिडन ले फानू या आयरिश लेखकाची 'कार्मिला' एका मासिकातून क्रमशः आली. आईविना वाढलेली लॉरा बापाबरोबर आडबाजूच्या वाड्यात राहते. गाडीला अपघात होतो म्हणून कार्मिला नावाची मुलगी पाहुणी राहते. ती लॉरावर प्रेम करते, अगदी उघड बोलून दाखवते, आणि रात्री तिचंच रक्त पिते. शेवटी पुरुष मंडळी थडगं उकरून तिला मारतात. पण लॉरा तिला विसरत नाही, कितीतरी वर्षांनीसुद्धा दाराशी तिची पावलं वाजल्याचा भास तिला होतो. त्या काळात बाईचं बाईवर प्रेम सरळ लिहिता येत नव्हतं. भूत म्हणून लिहिलं तर चालत होतं, मात्र शेवटी मारावं लागायचं.

मराठीतही फार वेगळं नव्हतं. 1981 मध्ये विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं. त्यातली मित्रा ही कॉलेजातली मुलगी, तिचं दुसऱ्या मुलीवर प्रेम. त्यात भूत नाही, सगळं खरंखुरं आहे, आणि शेवटी मित्रा जीव देते. 2006 मध्ये सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त भाऊ आणि बहीण दोघंही घरी राहायला आलेल्या एकाच पुरुषावर प्रेम करतात. तिथं जीव जात नाही, पण घर उलटंपालटं होतं.

भाचीच्या या नव्या गोष्टींची गंमत इथं आहे. व्हॅम्पायर मरतच नाही! म्हणजे लेखकाला त्याला शेवटी मारून मोकळं होता येत नाही. दोघांनी पुढं कसं राहायचं याचा विचार करावाच लागतो. कुणाच्या घरी, कुणाला काय सांगून, म्हातारपणी काय. आमच्या बायकांना तोच भाग सगळ्यात आवडला. असल्या गोष्टी लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत असं भाची सांगते, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. चावण्याआधी तो विचारतो, "चालेल का?" आपल्या सिनेमातला हिरो किती वेळा विचारतो?

सगळंच चांगलं आहे असं नाही. दोनशे वर्षांचा माणूस आणि बावीस वर्षांचा पोरगा, हे आजींना पटलं नाही. "म्हातारचळ आहे," म्हणाल्या, "आणि रेशन कार्डावर वय काय लिहितो?" मलाही ते खटकलं. पैसा, अनुभव, ताकद सगळी एकाकडे, मग दुसऱ्याच्या हो म्हणण्याला किती अर्थ? शिवाय कुणी कधी कपड्यावरचे रक्ताचे डाग धूत नाही. कुठल्याही बाईला हे पहिल्या पानावर दिसतं.

चौथी गोष्ट बोलावण्याची होती. तो दारात उभा आहे, आत बेकरीवाल्याची आई. तिनं 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. तिला सगळं ठाऊक आहे, पण ती म्हणत नाही. भाची तिथं थांबली. आमच्यात एक ताई आहे. तिनं मला हे सांगायची परवानगी दिली आहे, नाव सांगत नाही. ती म्हणाली, "माझ्या सासूलाही ठाऊक होतं."

तिचं लग्न दुसऱ्या जिल्ह्यात झालं होतं. नवरा वाईट नव्हता, मारत नव्हता. पण जवळ येत नव्हता. त्याचं एका मित्रावर मन होतं आणि घरच्यांना लग्नाआधीपासून माहीत होतं. लग्न लावलं की सुधारेल म्हणाले. आधी त्याला देवऋषीकडे नेलं, मग हिला. मूल होत नाही म्हणून दोन वर्षं हिलाच वांझ म्हणत राहिले. शेवटी ती माहेरी आली, नवऱ्यानं नंतर दारू धरली. "त्याच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली, "त्याला विचारलं कुणी? आणि मला?" आठ वर्षं ती आमच्या गटात आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्ये समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. 'बरं करून देतो' म्हणून उपचार करणं डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये ठरवलं. अंगारा, मार, उपाशी ठेवणं यानं कुणी बदलत नाही, आणि लग्नानं तर दोन माणसं बुडतात. हा गुन्हाही नाही. इंग्रजांनी 1860 च्या कायद्यात घातलेलं कलम 377 सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द ठरवलं. अशा जोडप्यांच्या लग्नाला मात्र आपल्या कायद्यात मान्यता नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात न्यायालयानं ते काम संसदेचं म्हटलं. घरातल्या कुणाच्या मनाची घुसमट होत असेल तर 14416 हा सरकारी टेली-मानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गटात वाचणार असाल तर आमच्या चुकांवरून एवढं सांगते. लहान पोरांना आधी बाहेर खेळायला पाठवा, काही जागा मोठ्यांच्या असतात. एका वेळी एकच गोष्ट वाचा आणि वेताळासारखं प्रश्नावर थांबा. कुणाला बोल म्हणून आग्रह करू नका. आणि गटात निघालेलं गटाबाहेर नळावर नेऊ नका. आम्ही हे आधी ठरवलं नव्हतं. त्या ताईनं बोलून झाल्यावर ठरवलं, ते उलटं झालं.

चौथी गोष्ट त्या दिवशी अर्धीच राहिली. पुढच्या शनिवारी भाचीनं मोबाइल उघडायच्या आधीच आजींनी विचारलं, "त्याच्या आईनं मग आत घेतलं का?"

भाचीनं वाचून दाखवलं. आईनं 'ये' म्हटलं नव्हतं. तिनं दार उघडं टाकलं होतं, आणि आत जाऊन दोन ताटं घेतली होती.

"तो जेवत नाही ना?" एकीनं विचारलं.

"नाही जेवत," आजी म्हणाल्या. "तरी घेतली. वाच पुढं."