जवळचा भूतकाळ पुरलेलाच

गिरणी संपात होरपळलेल्या कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या, महेश मांजरेकरांच्या ‘लालबाग परळ’ या चित्रपटाला २०२५ मध्ये पंधरा वर्षं झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये मीरा-भाईंदरच्या रस्त्यावर मराठीसाठी मोर्चा निघाला. या दोन गोष्टी एकमेकींपासून वाटतात तितक्या लांब नाहीत. भाईंदर पूर्वेला नवघर, गोडदेव, खारीगावात राहणाऱ्या कितीतरी घरांची मुळं मुंबईच्या गिरणगावात आहेत. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली विकली आणि बिऱ्हाड विरार लोकलच्या वाटेवर, मिठागरांच्या शेजारी नव्याने मांडलं गेलं.

मराठी पडद्याला मागे वळून बघायची सवय जुनी. भालजी पेंढारकरांनी शिवकाल उभा केला. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत विनोदपटांचं पीक आलं, तेव्हा घरातल्या जुन्या जखमांना फारसं कोणी हात लावला नाही. २००२ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘वास्तुपुरुष’मधून कुळकायद्यानंतर खचलेला वाडा दाखवला, तो मोठाच अपवाद.

खरं उत्खनन झालं ते २०१० ते २०१९ या दशकात.

२०१० च्या जानेवारीत परेश मोकाशींची ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आली. तिने दादासाहेब फाळक्यांना पुतळ्यातून बाहेर काढून हसता-खेळता, कर्जात बुडालेला संसारी माणूस केलं. त्याच वर्षी ‘लालबाग परळ’ आला, जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावर बेतलेला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याचा हिशेब एका खोलीतल्या कुटुंबाने कसा चुकवला, ते या चित्रपटात दिसलं. टोळीयुद्धाच्या भडकपणात नाटकाची घुसमट विरळ झाली, हा दोष तेव्हाही होता, आजही आहे. तरीही सीमा बिस्वासने उभी केलेली आई विसरता येत नाही. ज्या जमिनींवर आज मॉल आणि टॉवर उभे आहेत, तिथे गिरणीचा भोंगा वाजत होता, हे त्या चित्रपटाने पुढच्या पिढीला सांगितलं.

मग २०११ मध्ये ‘बालगंधर्व’, २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’. २०१९ च्या ‘आनंदी गोपाळ’ने तर आनंदीबाई जोशींच्या शिक्षणामागचा नवऱ्याचा जाच लपवला नाही. थोर माणसांचं चरित्र सांगताना एवढं धाडस लागतं.

पण असे चित्रपट बघायचे कधी? २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं. त्याचा गाजावाजा फार झाला. पण दुपारी बाराच्या खेळाला भाईंदरचा नोकरदार चर्चगेटला असतो, आणि घरी परतेपर्यंत नऊ वाजतात.

दशक संपता संपता वारं फिरलं. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘सुभेदार’ अशी शिवकालीन पटांची रांग लागली. त्यांना प्रेक्षक मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण तलवारीच्या खणखणाटात भोंग्याचा आवाज बुडाला. भूतकाळ म्हणजे फक्त सतरावं शतक, असं निर्मात्यांनी ठरवून टाकलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये सुमित्रा भावे गेल्या, ऑगस्टमध्ये जयंत पवार गेले. वाडा आणि चाळ, दोन्ही आतून ओळखणारी माणसं एकाच वर्षात गेली.

संप पाहिलेले कामगार आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यातले काही भाईंदर पूर्वेच्या इमारतींत नातवंडांसोबत राहतात. नव्या दिग्दर्शकांनी त्यांच्या दारावर थाप मारावी, आत्ताच मारावी.