धम्मयात्रेची पूर्वतयारी : दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय

काही वर्षांपूर्वी आम्ही चौतीस जण उत्तर भारताच्या यात्रेला गेलो होतो. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून परतीच्या वाटेवर दिल्लीसाठी एक दिवस ठेवला होता. जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात तथागतांच्या अस्थींचे दर्शन घ्यायचे आणि सायंकाळची गाडी पकडायची, असा बेत होता. सकाळी साडेदहाला पोचलो तर फाटक बंद. तो सोमवार होता. सोमवारी संग्रहालयाला सुट्टी असते, ही साधी गोष्ट कोणी विचारली नव्हती. कार्यक्रम मीच कागदावर मांडला होता, तेव्हा दोष माझाच. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. धुणीभांडी करून जमवलेल्या पैशांतून त्या आल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. फाटकाबाहेरूनच त्यांनी हात जोडले आणि "पुढच्या खेपेला बघू, बाळा" एवढेच म्हणाल्या. पुढची खेप त्यांच्या वाट्याला आली नाही.

संघाच्या सभेत आता पुन्हा दिल्लीचा विषय निघाला आहे. यावेळी सोबत विद्यार्थीही असणार आहेत. म्हणून ही भेट कशी आखावी, याची थोडी माहिती सभासदांपुढे ठेवत आहे.

सहल आणि यात्रा

यात्रा कशी असावी हे सम्राट अशोकाने आपल्या आठव्या शिलालेखात सांगून ठेवले आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी, बाहेर पडत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि त्यांना दान, वृद्धांची भेट आणि त्यांना मदत, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे, असे त्या यात्रेचे स्वरूप होते.

हाच आठवा लेख आपल्या महाराष्ट्रातही सापडला आहे. सोपारा, म्हणजे आजचे नालासोपारा, येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्याचा तुकडा मिळाला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. दिल्लीला जाण्याआधी एका रविवारी मुलांना तेथे न्यावे. ब्राह्मी अक्षरे एकदा डोळ्यांखालून गेली की दिल्लीत ती परकी वाटणार नाहीत.

काय पाहायचे ते आधी ठरवावे

राष्ट्रीय संग्रहालय १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रपती भवनात सुरू झाले. जनपथावरील इमारतीत ते डिसेंबर १९६० मध्ये आले. संग्रहात दोन लाखांहून अधिक वस्तू आहेत. हे सारे एका दिवसात पाहू म्हटले तर पाय दुखतात आणि डोक्यात काही राहत नाही. आपण चार गोष्टी निवडाव्यात आणि त्या नीट पाहाव्यात.

पहिली गोष्ट इमारतीबाहेरच आहे. गिरनार येथील अशोकाच्या शिलालेखाची प्रतिकृती आवारात उभारलेली आहे. त्यावर चौदा लेख आहेत. ही लिपी कित्येक शतके कोणाला वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ती उलगडली आणि अशोक इतिहासात परत आला. सारनाथचा सिंहस्तंभशीर्ष दिल्लीतच असेल अशी पुष्कळांची समजूत असते. तो सारनाथच्या संग्रहालयात आहे. मुलांना हे आधीच सांगावे, म्हणजे शोधाशोध होत नाही.

दुसरी गोष्ट तथागतांचे अस्थी-अवशेष. उत्तर प्रदेशच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात पिप्रहवा येथे १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने आपल्या जमिनीतील स्तूप खणला. आत दगडी पेटी, तीत अस्थिपात्रे आणि रत्ने मिळाली. एका पात्रावर ब्राह्मी लेख होता. त्यात हे शाक्य कुळातील भगवान बुद्धांचे अवशेष असल्याचे म्हटले आहे. ते पात्र कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. पुढे १९७१ पासून भारतीय पुरातत्त्व खात्याचे के. एम. श्रीवास्तव यांनी त्याच स्तूपात आणखी खोल उत्खनन केले. तेव्हा आणखी दोन अस्थिपात्रे व त्यांत अस्थी मिळाल्या. परिसरात कपिलवस्तूच्या भिक्खुसंघाचे नाव असलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या. या दुसऱ्या उत्खननातील अस्थी दिल्लीच्या संग्रहालयाकडे आहेत. थायलंडकडून भेट आलेल्या, सोनेरी नक्षीच्या लाकडी मंडपात त्या दर्शनासाठी ठेवल्या जातात.

१८९८ च्या रत्नांपैकी काही पेपे कुटुंबाकडेच राहिली होती. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव होणार होता. भारत सरकारने हरकत घेतल्यावर तो थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ही रत्ने भारतात परत आली. आपल्या वारशाकडे आपले लक्ष नसेल तर त्याचा बाजार होतो, हे मुलांना सांगण्यासाठी याहून बोलके उदाहरण नाही.

तिसरी गोष्ट बुद्धमूर्ती. आपण भाज्याच्या लेण्यात जातो तेव्हा चैत्यगृहात स्तूप दिसतो, मूर्ती दिसत नाही. सुरुवातीच्या काळात बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा, रिकामे आसन अशा चिन्हांनी बुद्ध दाखवीत. कुषाणांच्या काळात मूर्ती घडू लागल्या. करड्या दगडाची, ग्रीक-रोमन वळणाच्या वस्त्राची मूर्ती गांधारची. ठिपक्यांच्या तांबड्या दगडाची, भरदार बांध्याची मूर्ती मथुरेची. पुढे गुप्तकाळात सारनाथला पिवळसर दगडात शांत, मिटल्या डोळ्यांच्या मूर्ती झाल्या. एवढी ओळख असली तरी मूर्तीखालची पाटी वाचण्याआधी मुले ठिकाण ओळखू लागतात. आंध्रातील नागार्जुनकोंडा येथील शिल्पेही येथे आहेत. ती सावकाश पाहावीत.

चौथी गोष्ट मध्य आशियाचा संग्रह. ऑरेल स्टाइन याने विसाव्या शतकाच्या आरंभी वाळवंटातील उजाड विहारांतून आणलेली रेशमी चित्रे आणि भित्तिचित्रे त्यात आहेत. धम्म चीनकडे कोणत्या वाटेने गेला, हे त्यावरून समजते. जाताना एक नकाशा सोबत ठेवावा.

वेळ राहिलाच तर हडप्पा दालनात मोहेंजोदडोची ब्राँझची नर्तिका जरूर पाहावी. ती वीतभरही उंच नाही.

दिवस, विचारणा आणि पैसा

सोमवार टाळावा, हे आता वेगळे सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या उशिरा धावतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या आसपास त्या भागात बंदोबस्त असतो. मे-जूनचा उन्हाळा वृद्धांना सोसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे महिने बरे.

तिकिटे काढण्यापूर्वी संग्रहालयाकडे तीन प्रश्न विचारावेत. अस्थी सध्या दर्शनासाठी आहेत काय? त्या परदेशी पाठवल्या जातात. २०२२ साली मंगोलियाला आणि २०२४ साली थायलंडला काही अस्थी नेल्या होत्या. कोणती दालने बंद आहेत? हे संग्रहालय नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये नेण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली आहे, तेव्हा मांडणी बदलू शकते. आणि वृद्धांसाठी चाकाची खुर्ची व विद्यार्थ्यांसाठी सवलत मिळण्यास काय करावे लागते? उत्तर शक्यतो लेखी घ्यावे आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारावे.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. ज्येष्ठ नागरिकांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या यात्रेच्या हिशेबावर जाऊ नये. एकरकमी पैसे भरणे पुष्कळ घरांना जड जाते. त्यांनी आतापासून आवर्ती ठेव खाते उघडावे. दरमहा ४०० रुपये भरले तर दहा महिन्यांत ४,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज जमते. ज्यांना तेही शक्य नाही अशा एका तरी वृद्ध सभासदाचा खर्च संघाने उचलावा, अशी माझी सूचना आहे. अशोकाच्या धम्मयात्रेत वृद्धांचा वाटा होता.

त्या दिवशी

सकाळी संग्रहालय उघडताना पोचावे. आधी अस्थींचे दर्शन घ्यावे, कारण तेव्हा गर्दी कमी असते आणि वृद्ध थकलेले नसतात. तेथे शांतपणे उभे राहून त्रिशरण-पंचशील मनातल्या मनात म्हणावे. आपण तेथे नवस करायला जात नाही. ज्या महामानवाने दुःखाचे कारण आणि त्यावरचा मार्ग सांगितला, तो दंतकथेतला देव नव्हता, याच भूमीवर चालणारा माणूस होता, ही खूण पाहायला आपण जातो.

विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे गट करावेत. प्रत्येक गटाने एकच वस्तू निवडून तिचे नाव, ठिकाण, काळ आणि दगड वा धातू वहीत उतरवावा, जमल्यास चित्र काढावे. परतल्यावर विहारात प्रत्येक गटाने दहा मिनिटे बोलावे. जे आजारपणामुळे किंवा रजा न मिळाल्यामुळे येऊ शकले नाहीत, त्यांना त्या दिवशी आवर्जून बोलवावे.

दुसरा दिवस २६, अलीपूर रोडसाठी राखावा. परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम त्यांनी तेथेच पूर्ण केले. १३ एप्रिल २०१८ रोजी उद्घाटन झालेले स्मारक उघडलेल्या पुस्तकाच्या, म्हणजे राज्यघटनेच्या आकाराचे आहे. मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेने सेंट्रल सेक्रेटरिएट स्थानकावरून सिव्हिल लाइन्स भागात थेट जाता येते. आदल्या दिवशी तथागतांच्या अस्थी आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा धम्म आपल्या हाती देणाऱ्या बाबासाहेबांचे अखेरचे निवासस्थान, या क्रमाने पाहिले तर मुलांना दोन्हींतले नाते वेगळे समजावावे लागत नाही.

आयोजकांनी निघण्याआधी कार्यक्रमाचा कागद एकदा गटातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला वाचून दाखवावा. मी ते केले असते, तर दिल्लीला आपण कोणत्या वारी पोचणार आहोत, हे आजींनी नक्की विचारले असते.

जय भीम! नमो बुद्धाय!