पायथॉनमध्ये शेवटचा शब्द कुणाचा? ओपन सोर्समधले निर्णय असे होतात

तुम्ही इन्स्टाग्राम उघडता तेव्हा मागे सर्व्हरवर पायथॉन भाषेतला कोड चालू असतो. ही भाषा कुठल्याही एका कंपनीची नाही. जगभरातले डेव्हलपर, त्यातले बरेचजण बिनपगारी, ती सांभाळतात. मग त्यांचं आपसात पटलं नाही तर?

बदल कसा सुचवतात?

मोठा बदल हवा असेल तर 'पेप' नावाचा लेखी प्रस्ताव मांडतात. काय बदलायचं, का बदलायचं आणि दुसरे कोणते पर्याय नाकारले, हे सगळं त्यात लिहायचं. मग त्यावर सगळ्यांसमोर चर्चा होते.

आधी एकाचाच शब्द

पायथॉन बनवणारे गिडो व्हॅन रॉसम यांनी 1991 मध्ये ती पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुली केली. पुढे कितीतरी वर्षं अंतिम निर्णय त्यांचाच असायचा. गमतीने त्यांना 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणायचे.

2018 मध्ये 572 क्रमांकाच्या पेपवरून मोठा वाद झाला. विषय एवढासाच: := हे नवं चिन्ह घ्यायचं की नाही. काहींच्या मते कोड आटोपशीर होणार होता, तर काहींच्या मते वाचायला अवघड. गिडोंनी प्रस्ताव मंजूर केला, पण या भांडणाने ते थकून गेले आणि जुलैमध्ये त्यांनी पद सोडलं. वारस नेमला नाही. तुमचा कारभार तुम्हीच ठरवा, असं सांगून मोकळे झाले.

मग काय ठरलं?

कारभार कसा चालवायचा यावर सात वेगवेगळे प्रस्ताव आले. कोअर डेव्हलपरनी मतदान केलं आणि डिसेंबर 2018 मध्ये पाच जणांच्या 'स्टिअरिंग कौन्सिल'ची योजना निवडली गेली. तिचे मुख्य नियम असे:

- भाषेची मोठी आवृत्ती आली की नवी निवडणूक.
- एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत.
- दोन तृतीयांश मतं विरोधात गेली तर कौन्सिल बरखास्त होऊ शकते.
- कौन्सिलने अधिकार शक्यतो कमी वापरायचे, आधी सहमती शोधायची.

पहिल्या कौन्सिलवर गिडोही निवडून आले, पण आता पाचातले एक म्हणून.

हे एवढं कशासाठी?

फुकट काम करणाऱ्याला हुकूम सोडता येत नाही. नाही पटलं तर तो सरळ निघून जातो. शिवाय कोड खुला असल्यामुळे त्याची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्टही काढता येतो. याला 'फोर्क' म्हणतात. म्हणून इथे सत्ता विश्वासावरच टिकते. आणि सगळा भार एकाच माणसावर टाकला, तर तो थकला की अख्खा प्रोजेक्ट अडकतो.

तुम्ही एखाद्या ओपन सोर्स ॲपसाठी सूचना पाठवणार असाल, तर आधी निर्णय कोण घेतं ते त्या प्रोजेक्टच्या नियमांत वाचा. सूचनेसोबत कारणही लिहा. समोरचा माणूस कदाचित दिवसभराची नोकरी उरकून रात्री ती वाचत असेल.