आधी गाडीचा काटा करा

ऑस्ट्रेलियात कुटुंबाची मोठी एसयूव्ही वाळवंटात न्यायची ठरली की बहुतेकांची सुरुवात पुढच्या पोलादी गार्डपासून होते. मग विंच, मग टपावर कॅरिअर. माझं ठाम मत आहे की सुरुवात वजनकाट्यावर व्हायला हवी.

टोयोटा लँड क्रूझर 200 चंच उदाहरण घ्या. माणसं आणि सामान धरून तिचं एकूण वजन 3,350 किलोच्या पुढे जाता कामा नये. वरच्या डिझेल मॉडेलचं वजन टाकी भरल्यावरच 2,740 च्या आसपास जातं. हाती उरतात जेमतेम 600 किलो. आईवडील आणि तीन मुलं यांचे 300 धरा. गार्ड आणि विंचचे शंभर. मागचे ड्रॉवर, भरलेला फ्रिज, दुसरी बॅटरी यांचे दीडशे. 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो. तंबू आणि दुसरी स्टेपनी अजून अंगणातच पडलेली असते आणि मर्यादा संपलेली असते! म्हणून वापरात नसलेली तिसऱ्या रांगेची सीटं आधी काढावीत.

जाड स्प्रिंगांनी गाडीची बसलेली मागची बाजू उचलली जाते, पण कागदावरची मर्यादा त्याने वाढत नाही. त्यासाठी प्रमाणित किट बसवून रीतसर मंजुरी घ्यावी लागते. दोन इंच उंची पुरे. त्याहून जास्त उचललं तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्यांवर ताण येतो आणि गाडी वळणावर झुकते.

गार्डचं म्हणाल तर तिथे संध्याकाळी कांगारू आडवे येतात, त्यामुळे त्याला अर्थ आहे. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच अशा गार्डवर कारवाईचे आदेश राज्यांना दिले. तेव्हा तिथली गाडी पाहून इथे नक्कल करू नये.

खरा पैसा टायरवर घालावा. सिम्पसन वाळवंटात वाळूच्या अकराशेहून जास्त टेकड्या आहेत, जवळजवळ समांतर. 1960 च्या दशकात तेलाच्या शोधासाठी पाडलेली फ्रेंच लाइन ही वाट त्यांना आडवी कापत जाते. तिथे टायरमधली हवा 16-18 पीएसआयपर्यंत उतरवतात. हवा कमी झाली की टायर लांबीने पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू खणायचं थांबतं. मग टेकडी हलक्या पायाने चढता येते आणि वाटेवर खड्डेही पडत नाहीत. मात्र एवढ्या कमी हवेत झटक्यात वळू नये. टायर रिममधून सुटतो. टेकड्यांचा पश्चिमेकडचा उतार सौम्य असल्याने पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पश्चिमेकडून पूर्वेला, बर्ड्सव्हिल गावाकडे जावं. समोरून येणाऱ्याला माथ्यापलीकडची गाडी दिसावी म्हणून उंच काठीवर झेंडा लागतोच.

वाळू संपून कडक रस्ता लागला की कॉम्प्रेसरने हवा पुन्हा भरायची, आणि ती भरल्याशिवाय वेग धरायचा नाही. मऊ टायरच्या भिंती वेगात तापतात आणि भरल्या गाडीखाली फुटतात.