जीर्ण ग्राप्पा : द्राक्षासवाचा पर्याय नव्हे

परदेशाहून परतलेला रुग्ण सोनेरी मद्याची बाटली पुढे ठेवून विचारतो, ‘हे जुने द्राक्षमद्य आहे, द्राक्षासवाऐवजी चालेल काय?’ उत्तर देण्यापूर्वी या द्रव्याचा परिचय करून घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

ग्राप्पा हे इटलीचे मद्य. वाइन करताना उरणारा साली व बियांचा चोथा हे त्याचे मूलद्रव्य. आंबलेल्या चोथ्याचे ऊर्ध्वपातन करून आरंभीचा व अखेरचा अंश बाजूला काढतात, मधला तेवढा ठेवतात. मद्यार्काचे प्रमाण किमान 37.5 टक्के असावे लागते. बास्सानो देल ग्राप्पा येथील नार्दिनी यांची भट्टी 1779 सालची आहे.

नवा ग्राप्पा पाण्यासारखा रंगहीन असतो. लाकडी पिंपात किमान 12 महिने मुरल्यास त्यास ‘इन्वेक्कियाता’, तर किमान 18 महिने मुरल्यास ‘रिसेर्वा’ वा ‘स्त्रावेक्किया’ म्हणतात. रंग, कषाय अंश व व्हॅनिलासदृश गंध लाकडातून येतात. मात्र अशा ग्राप्प्यात कॅरामेल मिसळण्यास मुभा असल्याने रंगावरून वय ठरवू नये.

आपल्या शास्त्रात नवे मद्य गुरू, तर जीर्ण मद्य लघू व स्रोतोशोधक मानले आहे. परंतु ते वर्णन संधानाने सिद्ध झालेल्या मद्याचे आहे. द्राक्षासवात मद्यार्क संधानातूनच उत्पन्न होतो, साधारण 5 ते 10 टक्के असतो आणि औषधिद्रव्यांचे सारही त्याच द्रवात राहते. ऊर्ध्वपातनात केवळ बाष्पशील अंश वर येतात. द्राक्षातील शर्करा, क्षार व कषाय द्रव्ये भांड्यातच राहतात. त्यामुळे ‘जीर्ण’ हा शब्द समान असला तरी द्रव्य समान नाही.

आणखी एक बाब. सालींतील पेक्टिनपासून मिथेनॉल निर्माण होते. म्हणून युरोपीय नियमांत वाइनच्या ब्रँडीस शुद्ध मद्यार्काच्या दर 100 लिटरमागे 200 ग्रॅम मिथेनॉलची मर्यादा असता, चोथ्याच्या मद्यास ती 1000 ग्रॅम आहे. नियंत्रित भट्टीत ही मर्यादा पाळली जाते. घरगुती प्रयोगात तशी खात्री नसते.

इटलीत भोजनोत्तर ग्राप्पा घेण्याची प्रथा आहे. ती प्रथा होय, चिकित्सा नव्हे. मद्यपानाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून आमची विनंती अशी की, वैद्यांनी ग्राप्पा अनुपान म्हणून सुचवू नये आणि औषधालयचालकांनी तो आसवाच्या जागी वापरू नये. यकृतविकारी रुग्णास तर आसवारिष्ट देतानाही मद्यसेवनाची चौकशी अवश्य करावी.